इम्पॅक्ट व्हॅल्यू १७ टक्के, तरी पावसाळ्यानंतर खडी हातानं का फुटते?

प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नव्या खाणीची २० मिमी खडी काँक्रीट आणि डांबरी रस्ता अशा दोन्ही कामांना घ्यायची आहे. लॅबचा रिपोर्ट सांगतो की इम्पॅक्ट व्हॅल्यू (हातोड्याच्या ठोक्यांनी किती भुगा होतो) १७ टक्के, क्रशिंग व्हॅल्यू (संथ दाबाखाली किती भुगा होतो) २० टक्के, पाणीशोषण १.६ टक्के. सगळं मर्यादेत. पण एक पावसाळा खाल्लेल्या जुन्या ढिगात अधूनमधून असे खडे सापडतात की बोटांनी दाबले तरी भुगा होतात. मग रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की ढिगावर?

ढिगावर. रिपोर्ट खोटा असेलच असं नाही, पण त्यानं तपासलंय ते वेगळंच. भट्टीत वाळवलेला दगड आज किती मार सोसतो, एवढंच इम्पॅक्ट आणि क्रशिंग सांगतात. तोच दगड वर्षानुवर्षं भिजत-वाळत राहिला तर त्याचं काय होईल, याचं उत्तर त्यात नाही. आणि दुसरी गोष्ट, हे आकडे सरासरीचे आहेत. समजा ढिगात ९० टक्के घट्ट काळा दगड आहे, त्याची इम्पॅक्ट व्हॅल्यू १४. उरलेला १० टक्के दगड सडका, त्याची ४५. मिश्रणाची येते साधारण १७. पाणीशोषणाचंही तसंच: ९० टक्के खडी १ टक्का आणि १० टक्के खडी ७ टक्के पाणी पीत असेल तर रिपोर्टवर १.६ छापून येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच घडलंय असा दावा नाही, पण त्या आकड्यांत दहातला एक खडा सडका असायला भरपूर जागा आहे.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे का होतं ते कळलं की चाचण्या निवडणं सोपं जातं. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. साधारणपणे थराच्या मधल्या भागात घट्ट, काळा पाषाण असतो. माथ्याकडे वायूच्या पोकळ्या राहतात आणि त्या नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीचा कॅल्सेडनी किंवा हिरवट-काळी चिकण खनिजं यांनी भरतात. हा पोकळ्या भरलेला, पांढरे-हिरवे ठिपके असलेला दगड. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा असतो. एकाच खाणीत, पंधरा-वीस मीटरच्या भिंतीत हे तिन्ही सापडू शकतात आणि क्रशरच्या तोंडात तिन्ही एकत्र जातात.

पोकळ्या आहेत म्हणून दगड वाईट, हा गैरसमज आहे. कॅल्साइटनं किंवा गारगोटीनं नीट भरलेला दगड वर्षानुवर्षं टिकतो. घात करतात ती पाणी पिऊन फुगणारी खनिजं: स्मेक्टाइट गटातली माती आणि क्लोरोफाइट. क्लोरोफाइट ताज्या फोडीवर शेवाळी हिरवं, तेलकट दिसतं आणि हवा लागली की तपकिरी-काळं पडतं. नखानं किंवा चाकूच्या टोकानं सहज खरवडलं जातं. झिओलाइटांपैकी लोमोंटाइट हा एक त्रासदायक. तो उघड्या हवेत स्वतःतलं पाणी सोडतो आणि पीठ होतो. ही खनिजं दगडात असली तरी ताज्या, कोरड्या नमुन्याची ताकद बऱ्यापैकी येऊ शकते. म्हणूनच रिपोर्ट पास होतो.

लॅबला नमुना पाठवण्याआधी अर्धा दिवस खाणीवर घालवा. हातोडी, चाकू, पाण्याची बाटली आणि पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली एवढं पुरतं. घट्ट बेसॉल्टवर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो, सडक्यावर बद्द. पांढऱ्या ठिपक्यावर आम्लाचा थेंब फसफसला तर कॅल्साइट, नाही फसफसला तर बहुधा झिओलाइट किंवा कॅल्सेडनी. चाकूनं ओरखडा उठला तर झिओलाइट, चाकूच घसरला तर कॅल्सेडनी. ताज्या फोडीवर पाणी शिंपडा. घट्ट दगडाचा पृष्ठभाग वाऱ्यावर लगेच सुकतो, माती असलेला भाग ओला डाग धरून राहतो. आणि जिथे काम बंद आहे त्या जुन्या भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बघा. तिथे कपच्या आणि भुगा साचला असेल तर निसर्गानं टिकाऊपणाची चाचणी फुकटात करून ठेवली आहे. खाणमालक नेहमी आज सुरुंग लावलेली ताजी भिंत दाखवतो. तुम्ही तीन वर्षांपूर्वीची मागा.

वरच्या मुरमाखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोटे असतात. त्यांचा गाभा घट्ट असतो, पण पापुद्रे क्रशरमध्ये जाता कामा नयेत. वरचा थर किती खोलवर काढून टाकतात हे विचारायचं नाही, टेप लावून मोजायचं.

आता नमुना. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ढिगाच्या पायथ्याकडून पोतं भरून नेलं की मोठे, घरंगळलेले, बहुतेक चांगले खडे मिळतात. मऊ दगड फुटून बारीक झालेला असतो आणि तो ढिगाच्या पोटात राहतो. शक्यतो बेल्ट थांबवून त्याची पूर्ण रुंदी एका ठिकाणी साफ खरवडून घ्या, तळाच्या भुकटीसकट. अशा किमान चार-पाच वेळच्या नमुन्यांचं मिश्रण करून चौथाई पद्धतीनं (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) कमी करा. याखेरीज खाणीच्या भिंतीतून प्रत्येक जातीच्या दगडाचा वेगळा नमुना, प्रत्येकी ५०-६० किलो, घ्या आणि पोत्यावर बेंच (खाणीच्या भिंतीची पायरी) आणि थर लिहा. लॅबमध्ये तो फोडताना चपट्या कपच्या जास्त निघाल्या तर इम्पॅक्ट आणि क्रशिंगचे आकडे विनाकारण वाईट येतात. म्हणून चपटेपणा आधी मोजावा.

बेल्टवरच्या नमुन्यावर एक साधं काम करा, जे फार थोडे लोक करतात. १० मिमीवरचे निदान तीनशे खडे धुवून, ओले असतानाच टेबलावर पसरा आणि हातानं वेगळे करा: घट्ट काळे, भरलेल्या पोकळ्यांचे, हिरवट-तपकिरी मऊ, लालसर. प्रत्येक गटाचं वजन टक्क्यांत लिहा. मग पाणीशोषण आणि विशिष्ट गुरुत्व गटवार काढा. घट्ट बेसॉल्टचं विशिष्ट गुरुत्व साधारण २.८ ते २.९५ आणि शोषण १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतं. एखादा गट २.६ च्या खाली आणि ४-५ टक्क्यांवर गेला की संशयित सापडला.

पाणीशोषण आयएस (भारतीय मानक) २३८६ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे: जाळीच्या टोपलीत नमुना पाण्यात बुडवून टोपली २५ वेळा उचलून-सोडायची म्हणजे अडकलेली हवा निघते. मग २४ तास भिजत ठेवायचा. बाहेर काढून कापडानं पुसताना पृष्ठभागाची चमक जाईपर्यंतच पुसायचं. पंख्याखाली ठेवून विसरलात तर पोकळ्यांतलं पाणी उडतं आणि शोषण कमी दिसतं. सच्छिद्र दगडात ही चूक मोठी असते, म्हणजे नेमकी ज्या दगडावर शंका आहे त्याच्याच बाजूनं.

इम्पॅक्ट चाचणी चौथ्या भागात आहे. १२.५ मिमी चाळणीतून गेलेली, १० मिमीवर राहिलेली खडी. १०० ते ११० अंशांवर चार तास वाळवून थंड केलेली. मापात तीन थरांत, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके. १३.५ ते १४ किलोचा हातोडा ३८० मिमीवरून १५ वेळा, दोन ठोक्यांत किमान एक सेकंद. मग २.३६ मिमी चाळणी. चाळणीखालचा माल भागिले मूळ वजन, दोन चाचण्यांची सरासरी. खालचा आणि वरचा माल मिळून मूळ वजनापेक्षा एक ग्रॅमहून जास्त कमी भरला तर ती चाचणी बाद. आकडा खोटा चांगला येण्याची नेहमीची कारणं दोन: यंत्र भक्कम काँक्रीटऐवजी टेबलावर किंवा फरशीच्या पोकळ जागेवर ठेवलेलं, त्यामुळे ठोक्याचा जोर जमिनीत जातो, आणि हातोड्याच्या मार्गदर्शक दांड्यांवर गंज, त्यामुळे तो मोकळा पडतच नाही. याउलट खडी धुतलेली नसेल तर चिकटलेली धूळ भुकटीत मोजली जाऊन आकडा वाढतो.

तुमच्या प्रकरणात हीच चाचणी ओल्या नमुन्यावर करायला सांगा. मऊ खडीसाठी आयएस ५६४० आहेच. त्यात नमुना तीन दिवस भिजवून, पृष्ठभाग कोरडा करून मारतात. ठोक्यांनंतरची भुकटी ओली असते म्हणून चाळणीवर पाण्यानं धुवून घ्यावी आणि वाळवून वजन करावं. ती कोरडी चाळली तर चिखल खड्यांना चिकटून राहतो. घट्ट बेसॉल्टचा ओला आणि कोरडा आकडा जवळपास सारखा येतो. ओला आकडा पाच-सहा अंकांनी वाढला तर माझ्या मते दगडात माती आहे हे गृहीत धरून पुढे जावं. ही मर्यादा संहितेतली नाही, व्यवहारातली आहे.

क्रशिंग व्हॅल्यूमध्ये त्याच मापाच्या खडीवर दहा मिनिटांत एकसारख्या गतीनं ४० टन भार आणतात. अडचण अशी की मऊ दगड अर्ध्या भारातच दाबून बसतो आणि स्वतःच्याच भुकटीची गादी तयार करतो, त्यामुळे पुढे भुगा वाढत नाही. ३० टक्क्यांच्या वर हा आकडा फारसा बोलका राहत नाही. मग दहा टक्के भुकटीची चाचणी घेतात, म्हणजे १० टक्के भुगा व्हायला किती भार लागतो ते. दट्ट्या दहा मिनिटांत क्रशरच्या नेहमीच्या खडीत २० मिमी आणि पोकळ्यांच्या दगडात सुमारे २४ मिमी खाली जाईल अशा बेतानं भार द्यायचा, भुकटी ७.५ ते १२.५ टक्क्यांत आली पाहिजे, नाहीतर भार बदलून पुन्हा. भाराला १४ नं गुणून, भुकटीच्या टक्क्यांत ४ मिळवून आलेल्या संख्येनं भागलं की उत्तर. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत याची किमान मर्यादा ५० किलोन्यूटन आहे.

लॉस एंजेलिस घर्षण चाचणीत (फिरत्या ड्रममध्ये पोलादी गोळ्यांबरोबर खडी झिजवतात) एक छुपी सोय आहे, ती वापरा. २० मिमी खडीला ‘बी’ प्रतवारी: २० ते १२.५ आणि १२.५ ते १० मिमी प्रत्येकी २५०० ग्रॅम, ११ पोलादी गोळे, एकूण ४५८४ ग्रॅम, २५ कमी-जास्त. गोळे झिजतात, म्हणून दर वेळी तराजूवर घालावेत. ५०० फेऱ्यांनंतर १.७० मिमी चाळणी. पण १०० फेऱ्यांनंतर थांबून न धुता चाळा, झीज नोंदवा आणि धुळीसकट सगळा माल परत ड्रममध्ये घाला. दगड एकसारखा कठीण असेल तर १०० फेऱ्यांची झीज ५०० फेऱ्यांच्या झिजेच्या साधारण एक पंचमांश असते. हे गुणोत्तर ०.२० च्या बरंच वर गेलं, समजा ०.३०, तर अर्थ सरळ आहे: मऊ खडे सुरुवातीलाच संपले आणि मग घट्ट खडे सावकाश झिजत राहिले. शेवटचा आकडा मर्यादेत असला तरी मिश्रणात भेसळ आहे.

मर्यादा एकदा समोर ठेवतो. काँक्रीटसाठी आयएस ३८३ मध्ये, जिथे पृष्ठभाग झिजणार आहे तिथे इम्पॅक्ट आणि घर्षण दोन्ही ३० टक्क्यांपर्यंत. इतरत्र इम्पॅक्ट ४५, घर्षण ५०. रस्त्यांच्या केंद्रीय स्पेसिफिकेशनच्या पाचव्या आवृत्तीत वेट मिक्सला (डांबराखालचा, पाणी घालून दाबलेल्या खडीचा थर) घर्षण ४० किंवा इम्पॅक्ट ३०, डीबीएमला (डांबरी खडीचा खालचा थर) ३५ किंवा २७, वरच्या बिटुमिनस काँक्रीटला ३० किंवा २४. डांबरी थरांत पाणीशोषण २ टक्क्यांपर्यंत. वेट मिक्स आणि त्याखालच्या सबबेसमध्ये शोषण २ च्या वर गेलं की साउंडनेस (मिठाच्या द्रावणात भिजवून-वाळवून घेतलेली टिकाऊपणाची चाचणी) सक्तीची. म्हणूनच तो १.६ चा आकडा घातक ठरतो. सरासरी दोनच्या आत, त्यामुळे साउंडनेस कुणी मागितलीच नाही.

तुम्हाला ती मागायचीच आहे. आयएस २३८६ च्या पाचव्या भागाप्रमाणे सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात १६ ते १८ तास बुडवायचं, १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं, थंड करायचं. हे एक आवर्तन, अशी पाच. छिद्रांत मीठ स्फटिक होऊन वाढतं आणि दगड आतून उकलतं. जाड खडीची घट सोडियमला १२ टक्के, मॅग्नेशियमला १८ टक्क्यांपर्यंत चालते. दोन्ही मिठांचे आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात, त्यामुळे रिपोर्टवर कोणतं मीठ हे लिहिलेलं नसेल तर तो परत पाठवा.

या चाचणीचा घोटाळा जवळजवळ नेहमी द्रावणात असतो. सोडियम सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्यानं बदलते. २७ अंशांच्या आसपास स्थिर ठेवलेलं नसेल तर दुपारी द्रावण संपृक्त राहत नाही आणि रात्री टाकीतच स्फटिक बसतात. वापरण्याआधी ते निदान ४८ तास मुरलेलं असावं, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसायला हवं आणि विशिष्ट गुरुत्व १.१५१ ते १.१७४ मध्ये असावं. हायड्रोमीटरची नोंद मागा. दुसरी चूक, भट्टीतून काढलेला गरम नमुना तसाच द्रावणात टाकणं. तिसरी, अर्धवट वाळवणं: ओलावा राहिला तर पुढच्या वेळी मीठ आत शिरतच नाही आणि घट कमी दिसते. रात्री वीज गेलेल्या लॅबमध्ये हे सर्रास होतं. शेवटी मीठ पूर्ण धुतलं गेलंय का ते धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइड टाकून बघतात. पाणी पांढुरकं झालं तर मीठ शिल्लक आहे, आणि ते शिल्लक मीठ खडीच्या वजनात मोजलं जातं.

टक्केवारीपेक्षा जास्त बोलतं ते त्या चाचणीतलं निरीक्षण. २० मिमीहून मोठे खडे आधी मोजून ठेवायचे आणि शेवटी किती फुटले, किती भुगा झाले, किती तडकले, किती पापुद्रे सुटले हे संख्येत लिहायचं. घट ८ टक्के आहे, पण शंभरातले नऊ खडे पूर्ण चिखल झालेत आणि बाकीच्यांना ओरखडाही नाही, हे चित्र दिसलं की निर्णय होतो.

मात्र साउंडनेस ही मुळात छिद्रांतलं पाणी गोठताना येणाऱ्या दाबाची, मिठाच्या स्फटिकांनी केलेली नक्कल आहे. मातीच्या फुगण्याची तपासणी करायला इथिलीन ग्लायकॉल जास्त थेट पडतं. वर वेगळ्या केलेल्या प्रत्येक गटाचे वीस-तीस खडे धुवून, वाळवून, फोटो काढून काचेच्या बरणीत ग्लायकॉलमध्ये बुडवा आणि १५ दिवस, दर तीन दिवसांनी बघत राहा. स्मेक्टाइट ग्लायकॉल शोषून पाण्यापेक्षाही ठामपणे फुगतं. घट्ट दगड जसाच्या तसा राहतो, आणि वाईट दगडाला तडे जातात किंवा बरणीच्या तळाशी रेंदा साचतो. ग्लायकॉल विषारी आहे, हातमोजे घाला आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहा. ते गोडसर असतं आणि साइटवर मुलं, कुत्री असतात. निकाल संशयास्पद आला तर ०.०३ मिमी जाडीच्या पातळ कापावरची, सूक्ष्मदर्शकाखालची शिलापरीक्षा आणि खनिजं ओळखणारं एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या. ही शिलापरीक्षा आयएस २३८६ च्या आठव्या भागात आहे आणि एका मोठ्या कामाच्या खर्चात तिचा खर्च नगण्य असतो.

गेरू किंवा राखेचा दगड मिश्रणात येतोय का हे बघायला स्लेक ड्युरेबिलिटी (पाण्यात घोळवून दगड किती टिकतो ते): ४० ते ६० ग्रॅमचे दहा खडे, २ मिमी जाळीचा ड्रम अर्धा पाण्यात, २० फेऱ्या प्रतिमिनिट, दहा मिनिटं, वाळवून पुन्हा एकदा. घट्ट बेसॉल्टवर ही चाचणी करून पैसे घालवू नका, तिथे उत्तर नेहमीच ९८-९९ येतं.

दाबसामर्थ्य म्हणजे दगडाच्या गाभ्याची थेट ताकद खडीसाठी सहसा लागत नाही. डबर, पिचिंग किंवा बांधकामाच्या दगडाला लागते. घेतलीत तर ५४ मिमी व्यासाचा गाभा, लांबी व्यासाच्या दोन ते तीन पट, टोकं घासून सपाट, भार ०.५ ते १ मेगापास्कल प्रतिसेकंद. आणि कोरडे, भिजवलेले असे दोन्ही संच. टोक किंचित तिरकं राहिलं तरी कोपरा आधी फुटतो आणि चांगल्या दगडाची ताकद अर्धी दिसते. सुरुंगानं उडालेल्या ढेकळातून गाभा काढू नका, त्यात बारीक तडे असतात. यंत्र जवळ नसेल तर पॉइंट लोडवर (दोन टोकदार शंकूंमध्ये दाबून) निदान दहा ढेकळं फोडा, सगळ्यात वरचे दोन आणि खालचे दोन आकडे सोडा.

काँक्रीटमध्ये वापरणार असाल तर कॅल्सेडनीमुळे अल्कली अभिक्रियेचीही (सिमेंटमधल्या अल्कलीमुळे काँक्रीट फुगून तडकतं) तपासणी करावी लागते, आणि हे वरच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. कॅल्सेडनीचा खडा कठीण असल्यानं ताकदीच्या चाचण्यांत उलट चांगलाच ठरतो. झटपट मॉर्टर-बार चाचणीत ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवलेला बार १६ दिवसांच्या वयाला ०.१० टक्क्यांच्या आत वाढला तर निर्धास्त, ०.२० च्या वर तर धोका, मधलं आलं तर शिलापरीक्षेसह पुढची तपासणी. डांबराला चिकटण्याच्या बाबतीत बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा बरा, पण धूळ आणि मातीचा लेप असेल तर तो गुण वाया जातो. ४० अंशांच्या पाण्यात २४ तासांनंतर ९५ टक्के लेप टिकला पाहिजे.

निर्णय गटवारीवर घ्या. हिरवट-तपकिरी मऊ गट वजनानं एक-दोन टक्के असेल, ओल्या इम्पॅक्टमध्ये फरक पडत नसेल आणि ग्लायकॉलमध्ये बाकीचे शांत असतील तर खडी सबबेस आणि वेट मिक्सला चालावी. वरच्या डांबरी थरात असे खडे फुटून खड्ड्यांची सुरुवात होते, म्हणून तिथे तेवढेही नकोत. मऊ गट पाच टक्क्यांच्या पुढे असेल तर सरसकट खडी घेऊ नका. खाण पूर्ण नाकारायची गरज मात्र नसते. भिंतीवर रंगानं थरांच्या सीमा आखायच्या, घट्ट थराचा बेंच स्वतंत्र उडवायचा, प्राथमिक क्रशरआधीच्या ग्रिझलीवरून (जाड सळयांची चाळणी) खाली पडणारी मातीमिश्रित भुकटी बेल्टवर न घेता बाहेर काढायची, आणि करारात ‘अमुक खाणीचा दगड’ न लिहिता ‘अमुक खाणीच्या अमुक बेंचचा दगड’ असं लिहायचं. बेंच पुढे सरकला की थर बदलतो, म्हणून तीनशे खड्यांची ती ओली गटवारी दर आठवड्याला साइटवरच करा. तासाभराचं काम आहे.

जुना ढीग फेकू नका. त्यातली एक पाटी खडी चाळून, आजच्या बेल्टवरच्या खडीशेजारी ओला इम्पॅक्ट करून बघा. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे एका पावसाळ्यानं दगडाचं जे केलं ते.